लिस्बनची ओढ: पुन्हा जाताना काय पाहावे आणि घरच्या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

प्रश्न: टिळकवाडीची वाचक (बेळगाव)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन या शहराची मला वाटणारी ओढ आता इतकी वाढली आहे की, पुढच्या वर्षी दुसरा कोणताही देश न पाहता केवळ त्या एका शहरात काही आठवडे राहून यावे, असे मी जवळपास ठरवले आहे. पूर्वी सहल कंपनीबरोबर गेले होते, तेव्हा बेलेंचा बुरूज, जेरोनिमोस मठ आणि २८ क्रमांकाची ट्राम एवढे दाखवून बस स्पेनच्या वाटेला लागली. नंतर जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीबरोबर गेले, तेव्हा मात्र आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढउतारांवर निवांत हिंडता आले. तेजो नदीचे रुंद पात्र, भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, संध्याकाळी टेकडीवरच्या कट्ट्यांवर येऊन बसणारी म्हातारी माणसे, हे सारे मनात घर करून राहिले आहे.

पॅरिस किंवा रोमइतके हे शहर भव्य नाही. मला त्यात आवडले ते हे की, जुन्या वस्तूंचा तिथे रोजचा वापर चालू आहे. शियादो भागातले बर्त्रांद हे पुस्तकांचे दुकान १७३२ मध्ये सुरू झाले. आम्ही गेलो तेव्हा तिथे शाळकरी मुले आईचे बोट धरून पुस्तके निवडत होती आणि त्या दुकानाच्या वयाचे त्यांना काहीही वाटत नव्हते.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून हे शहर समजून घ्यायचे असेल तर सुरुवात कुठून करावी? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. माझे थोरले दीर या बेताबद्दल नाराज आहेत. १९५५ साली गोव्याच्या सीमेकडे निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या त्यांनी लहानपणी बेळगावात पाहिल्या आहेत. "ज्यांच्या तुरुंगात आपली माणसे कुजली, त्यांच्या राजधानीचे एवढे कौतुक कशाला?" असे ते विचारतात. त्यांचा मान राखून काय सांगावे, ते मला सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: खानापूरकर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या व्यवसायाच्या बाजूने देतो. मी बांधकाम अभियंता आहे आणि माझ्या मते लिस्बन समजून घेण्याची सुरुवात एका तारखेपासून करावी लागते. ती तारीख म्हणजे १ नोव्हेंबर १७५५.

त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, त्यामुळे सकाळी चर्च माणसांनी भरलेली होती आणि वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. जीव वाचवण्यासाठी लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर थोड्याच वेळात तेजोच्या मुखातून समुद्राच्या लाटा आत आल्या आणि पडलेल्या शहराला लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे गेली. नदीकाठचा राजवाडा त्यातल्या ग्रंथसंग्रहासह नष्ट झाला आणि पौर्वात्य व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या 'कासा दा इंडिया' या कचेरीची दप्तरेही गेली. म्हणजे आपल्या किनाऱ्याशी झालेल्या व्यवहारांचे बरेच कागद त्या एका दिवसात संपले.

पुढे जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. राजाचा मंत्री, जो नंतर मार्केस द पोंबाल या नावाने ओळखला गेला, त्याने प्रत्येक धर्मग्रामाकडे प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र आधी मागे हटला की पुढे आला, असे प्रश्न त्यात होते. भूकंप हा देवाचा कोप आहे असे व्यासपीठावरून सांगितले जात असताना एका मंत्र्याने मोजमाप मागवावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पोंबाल हा निर्दय माणूस होता, हेही इथेच सांगून ठेवतो, कारण त्याचा पुतळा शहरात फार उंच चौथऱ्यावर उभा आहे आणि मार्गदर्शक त्याच्याविषयी फक्त चांगलेच सांगतात.

नदीलगतचा 'बायशा' हा सपाट भाग त्याने नव्याने आखून घेतला. मानुएल द माया, एउजेनियो दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल या अभियंत्यांनी काटकोनात छेदणारे रस्ते आखले, सर्व घरांची दर्शनी बाजू एकसारखी ठेवली आणि भिंतींच्या आत लाकडी चौकट बसवली. पोर्तुगीज भाषेत तिला पिंजरा म्हणतात. उभ्या, आडव्या आणि तिरक्या तुळयांचा हा सांगाडा धक्क्याबरोबर थोडा हलतो, परंतु कोसळत नाही. त्याची चाचणी घेण्यासाठी नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले, असे सांगतात. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढलेली दिसेल, ती आग पलीकडे पसरू नये म्हणून. रस्त्यांना सोनार, चांभार, कापडविके अशा धंद्यांवरून नावे दिली आणि ती आजही चालतात. त्यांपैकी कोरेएरोस रस्त्यावरच्या एका बँकेच्या तळघरात उत्खनन जपलेले आहे. तिथे रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या टाक्या आणि त्यांच्यावर पोंबालच्या काळातले ओल्या जमिनीत ठोकलेले लाकडी खुंट एकाच ठिकाणी पाहता येतात. सहलीच्या बसमधून गेलेल्यांना ही जागा सहसा दाखवत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, आल्फामा आणि बायशा हे दोन्ही भाग एकाच दिवशी पायी पाहावेत. आल्फामा टेकडीवरच्या खडकाळ जमिनीवर असल्यामुळे बऱ्याच अंशी वाचली. तिथल्या वळणांवरून जुन्या शहराची ठेवण कळते आणि लगेच खाली उतरल्यावर काय बदलले ते दिसते. त्यानंतर आल्कांतारा दरीवरचा जलसेतू पाहावा. त्याची सर्वांत उंच कमान ६५ मीटरची आहे आणि भूकंपापूर्वी काही वर्षे बांधलेला हा सेतू धक्क्यात उभा राहिला. शेवटी माद्रे द देउस मठातले टाइल्सचे संग्रहालय पाहावे. तिथे १७०० च्या सुमाराची, सुमारे २३ मीटर लांबीची टाइल्सची एक पट्टी आहे आणि तिच्यावर भूकंपापूर्वीचे अख्खे लिस्बन रंगवलेले आहे. जाण्याआधी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्यावी. मी कौलांच्या भट्ट्यांच्या गावचा माणूस आहे, त्यामुळे भाजलेली माती दिसली की माझा पाय तिथून निघत नाही. तेवढी सवलत मला द्यावी.

उत्तर २: हल्याळचा इतिहासप्रेमी

आदरणीय ताई, दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. आपल्या दिरांचा आक्षेप खोडून काढू नये, तो बरोबर घेऊन लिस्बनला जावे, कारण त्याला उत्तर देणाऱ्या जागा त्याच शहरात आहेत.

गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांचे नाव त्यांना नक्की ठाऊक असेल. १९५५ मध्ये पकडले गेल्यानंतर त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवण्यात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या कारवाईसाठी फौजा आपल्या बेळगावातच जमल्या होत्या, तरीही रानडे १९६९ पर्यंत तिकडेच होते. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नांत सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला होता, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना त्याआधीच, १९४६ च्या चळवळीनंतर, लिस्बनच्या उत्तरेकडील पेनीश किल्ल्यात धाडले होते.

आता असे पाहा की, या किल्ल्यांत भारतीय कैद्यांच्या शेजारच्या कोठड्यांत कोण होते? पोर्तुगीजच होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला विरोध करणारे कामगार, विद्यार्थी, लेखक आणि कम्युनिस्ट त्याच गुप्त पोलिसांनी पकडून आणले होते. लिस्बनच्या मुख्य कॅथेड्रलला लागून असलेला 'आल्जूब' हा तुरुंग २०१५ पासून संग्रहालय झाला आहे. आपली २८ क्रमांकाची ट्राम त्याच्या दारावरून जाते, पण तिथे उतरणारे प्रवासी थोडेच असतात. माणूस धड झोपू शकणार नाही एवढ्या अरुंद कोठड्या त्यात पाहायला मिळतात आणि वसाहतींमधल्या लढ्यांनाही तिथे जागा दिलेली आहे.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगीज सैनिकांनीच ही राजवट उलथवली. सालाझारनंतर सत्तेवर आलेला कायतानो ज्या कार्मो चौकातल्या छावणीत शरण आला, त्याच चौकात भूकंपात छप्पर गमावलेले कार्मोचे चर्च तसेच उघडे ठेवलेले आहे. त्या चौकात निवांत बसावे, ही माझी शिफारस. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्याचे भारतातले विलीनीकरण मान्य केले. सालाझारच्या हयातीत जे अशक्य होते, ते लोकांचे राज्य येताच काही महिन्यांत झाले. आपल्या दिरांना एवढे सांगता येईल की, रानडे यांना डांबणारे सरकार आणि आल्फामातल्या कट्ट्यावर बसणारी म्हातारी माणसे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

उत्तर ३: शहापूर गल्ली

वरील उत्तरातली माहिती योग्य आहे, परंतु त्यातला निष्कर्ष मला फार सोयीचा वाटतो. गोव्यावरची सत्ता सालाझारने आणलेली नव्हती. ती १५१० पासून चालत आली होती. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडता, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि त्याने गोव्यातल्या हिंदूंवरची धार्मिक बंधने उठवली, हे खरे आहे, तरीही वसाहत सोडण्याचा विचार त्या प्रजासत्ताकानेही केला नाही. त्यामुळे "वाईट होता तो एकटा हुकूमशहा" असे म्हणून सुटका होत नाही.

मी लिस्बनला कामानिमित्त राहिलो आहे आणि ते शहर मलाही प्रिय आहे. तरी बेलेंच्या नदीकाठी १९६० मध्ये दगडात उभारलेल्या दर्यावर्दींच्या स्मारकासमोर मला छायाचित्र काढून घ्यावेसे वाटले नाही. प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात १५०६ चे एक सोन्याचे पूजापात्र आहे. कारागिरी अशी की नजर हटत नाही. ते सोने वास्को द गामाने आफ्रिकेतल्या किल्वाच्या राजाकडून खंडणी म्हणून वसूल केलेले आहे. मी त्या पात्रासमोर बराच वेळ उभा राहिलो, कौतुक आणि राग दोन्ही घेऊन, आणि त्यातले काही कमी करण्याची गरज मला वाटली नाही.

रोसियो चौकातले राष्ट्रीय नाट्यगृह पाहाल तेव्हा हे लक्षात ठेवावे की, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. तिथून हाकेच्या अंतरावर सां दोमिंगोस चर्चसमोर १५०६ च्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक २००८ मध्ये बसवले आहे. शहराने आपल्या चुकांपैकी काहींची कबुली दिली आहे, काहींची अद्याप दिलेली नाही. ताईंनी दिरांना हेच सांगावे, असे मला वाटते. त्यांची नाराजी दूर होईलच असे नाही, आणि ती दूर व्हावी हा हट्टही नसावा.

उत्तर ४: संकेश्वरी

वाद चालू द्यावा, मी एवढेच सांगतो की आमच्या संकेश्वरची मिरची आणि निपाणीचा तंबाखू ही दोन्ही पिके मुळात अमेरिकेतली आहेत आणि ती पोर्तुगीज जहाजांतून हिंदुस्थानात आली. १५६० मध्ये लिस्बनला फ्रान्सचा वकील असलेल्या झ्यां निको याने तिथूनच तंबाखू आपल्या दरबारी पाठवला आणि निकोटीन हे नाव त्याच्यावरून पडले. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला पोहोचला आणि बेलेंच्या बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली त्याचे झिजलेले दगडी मुंडके आजही आहे. सहल कंपनीने ते दाखवले नसेल, तर या वेळी वर मान करून शोधावे.

उत्तर ५: सुरांचा श्रोता (सुळेभावी)

या चर्चेत फादो या लिस्बनच्या पारंपरिक गायनप्रकाराचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. ज्या गावात कुमार गंधर्व जन्मले, त्या गावचा मी असल्यामुळे गाण्यावाचून शहर पाहणे मला जमत नाही.

फादो लिस्बनच्या गरीब वस्त्यांत, मोरारिया आणि आल्फामामध्ये, एकोणिसाव्या शतकात रुजला. मारिया सेव्हेरा ही त्याची पहिली ख्यातनाम गायिका मोरारियातली. ती १८४६ मध्ये ऐन तारुण्यात वारली. विसाव्या शतकात आमालिया रॉद्रिगेस यांनी हे गाणे जगभर नेले आणि त्यांचे अवशेष आता राष्ट्रीय स्मारकमंदिरात ठेवलेले आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने फादोची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्या नोंदीमुळे एक तोटाही झाला. जेवणासह गाण्याचे महागडे कार्यक्रम गल्लोगल्ली निघाले आणि त्यांत गाणे कमी, ताटांचा आवाज जास्त, असा प्रकार असतो.

खरे ऐकायचे असेल तर हौशी गायक जिथे आळीपाळीने उभे राहतात, अशा लहान खानावळी शोधाव्यात. दिवे मंद होतात, वाढणे थांबते, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साथीची साधी गिटार सुरू होते, आणि मग कोणी कुजबुजले तरी शेजारची म्हातारी डोळे वटारते. पारंपरिक फादोच्या चाली ठरलेल्या असतात आणि त्या एकाच चालीत वेगवेगळे गायक वेगवेगळी कवने म्हणतात, जसे आपल्याकडे एकाच चालीवर कितीतरी अभंग म्हटले जातात. त्यामुळे दोन-तीन संध्याकाळी ऐकल्यावर चाल ओळखू येऊ लागते आणि गायकाने स्वतःचे काय घातले याकडे लक्ष जाते. भाषा कळत नसली तरी एवढे कळते. आल्फामातल्या फादो संग्रहालयात आधी जाऊन जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत, म्हणजे कान तयार होतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: टिळकवाडीची वाचक

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. उत्तर २ आणि ३ मी दिरांना वाचून दाखवली. दुसरे त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले, तिसरे मात्र पुन्हा वाचायला लावले आणि "हा माणूस बरोबर बोलतो" असे म्हणाले. आल्जूबच्या संग्रहालयाविषयी त्यांना उत्सुकता वाटली आणि तिथले माहितीपत्रक आण, असेही त्यांनी सांगितले. आता व्यवहाराचे विचारते. कोणत्या महिन्यात जावे, राहावे कुठे आणि शाकाहारी माणसाची सोय कशी होते? माझे गुडघे फार साथ देत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर ६: शहापूर गल्ली

दिरांना माझा नमस्कार सांगावा.

मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जूनचा पूर्वार्ध उत्तम. जॅकारंडाची जांभळी फुले त्याच सुमारास बहरतात, आणि १२ जूनच्या रात्री संत आंतोनियोचा उत्सव असतो. हा संत लिस्बनचाच. त्या रात्री जुन्या वस्त्यांत दारोदारी सार्डिन मासे भाजतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला धुराचा त्रास होईल. परंतु तुळशीच्या कुळातल्या एका बारीक पानांच्या रोपाची कुंडी, तिच्यात खोचलेले कागदी फूल आणि चार ओळींची कविता एकमेकांना देण्याची प्रथा पाहण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये जाऊ नये.

राहण्यासाठी आल्फामा घेऊ नये. तिथली कितीतरी घरे पर्यटकांना भाड्याने दिली गेल्यामुळे मूळचे रहिवासी बाहेर पडले आहेत, शिवाय पायऱ्या आणि गुळगुळीत दगडी फरसबंदी गुडघ्यांना मानवणार नाही. कांपो द ओरीक हा भाग सपाट आणि घरगुती आहे. २८ क्रमांकाच्या ट्रामचे शेवटचे स्थानक तिथेच असल्यामुळे सकाळी लवकर बसायला जागाही मिळते. पाकीट मात्र सांभाळावे.

खाण्याचे म्हणाल तर 'काल्दो व्हेर्द' या पालेभाजीच्या सारातही मांसाचा तुकडा घालतात, म्हणून आधी विचारावे. शहराच्या उत्तर भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे. मोझांबिक स्वतंत्र झाल्यानंतर आलेल्या गुजराती कुटुंबांचा तिथे मोठा वावर असतो आणि मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळते. मार्तिम मोनीझ चौकाच्या आसपास डाळ, पीठ आणि मसाले मिळतात.

जाण्याआधी थोडी पोर्तुगीज शिकून घ्यावी. दुकानात शिरताना "बों दिया" म्हटले की तिथल्या माणसांचा सूर बदलतो. पणजीत कामोइंश संस्थेचे भाषा केंद्र आहे. वर्ग कधी सुरू होतात ते फोनवर विचारून मगच निघावे, कारण पावसाळ्यात चोर्ला घाटाचा भरवसा देता येत नाही.